चारपैकी तीन

तुम्हाला सांगते, आपलं काम घरच्यांना समजावून सांगू नये. बाळाचं जावळ मी तीन महिने टाळत होते. कधी वस्तऱ्याची भीती, कधी सर्दीची, कधी ते जिथे काढायचं त्या सारंगखेड्याच्या नदीवरच्या वाऱ्याची. घाबरायला मला काहीही पुरतं.

त्या दिवशी ऑफिससाठी ब्लॉकचेनचं टेस्ट नेटवर्क घरीच उभारलं. चार जुने लॅपटॉप, चार व्हॅलिडेटर. पहिल्याच झटक्यात चाललं, म्हणून मलाच संशय आला.

तेवढ्यात सासूबाई डोकावल्या. "हाई काय शे वं?"

"आई, नोंद खरी की खोटी ते हे चौघं ठरवतात. तिघांचं जमलं की नोंद पक्की. मग कुणालाच खोडता येत नाही."

"आन एक बंद पडनं तं?"

मी ऐटीत एक लॅपटॉप बंद केला. "बघा, काम थांबलंच नाही!"

"मंग आपला घरमा बी चार शेतस. मी, तुन्हा सासरा, तुन्हा नवरा, तिन्हीस्नं ठरनं. ऐतवारले जावळ. तू बंद ऱ्हायनी तरी चाली."

रविवारी पोरगा वस्तऱ्याखाली खिदळत होता. रडत होती ती फक्त बंद पडलेली मशीन.