कमानीचे पैसे

महापालिकेच्या दवाखान्यात उल्का गोळ्यांसाठी रांगेत उभी होती. पुढे एक वयस्कर गृहस्थ आणि हातात डबा घेतलेली एक बाई, दोघं बोलत होती.

“आत कोण आहे आपलं?”

“मिस्टर. डायलिसिस चालू आहे. खाजगीत परवडेना, तेवढ्यात इथं मशीन आलं. देवच पावला, काका.”

“देव नव्हे, वर्गीकरण.”

“म्हणजे?”

“अंदाजपत्रकात आमच्या चौकातल्या कमानीसाठी पैसे ठेवले होते, ते फिरवून या मशीनला दिले. एरवी दवाखान्याचे पैसे कमानीला जातात. यंदा कुणाची तरी चूक झाली असावी.”

“अगंबाई! कमान राहिली म्हणून एवढं वाईट वाटतंय तुम्हाला?”

“तिला माझ्या वडिलांचं नाव देणार होते. अर्ज करून करून माझे केस पिकले.”

बाईनं डबा दुसऱ्या हातात घेतला.

“काय हो नाव त्यांचं?”

“आता कशाला?”

“संध्याकाळी दिवा लावते ना, तेव्हा त्यांचंही घेईन.”

गृहस्थांनी घसा खाकरला.

“कैलासवासी त्र्यंबक विनायक पळशीकर, माजी मुख्याध्यापक. कमानीवर तसंही मावलं नसतं.”