राजा पाणी तापवतो

सासरे : थांब, थांब. पुढे नको जाऊस. आधी कालचं ते पान परत वाच.

सून : कोणतं, बाबा?

सासरे : तेच गं. राणी माहेराहून परत येते आणि राजा तिला विचारतो, पाय दुखताहेत का. मग स्वतः उठून पाणी तापत ठेवतो. ते.

सून : आता कुठे मागे जायचं? वेढा ऐन रंगात आलाय. सेनापती दोर टाकून तटावर चढतोय.

सासरे : लोंबकळू दे त्याला जरा. लढाई हा लेखक झकासच लिहितो, त्यात वादच नाही. घोड्यांच्या घामाचा वास येतो. पण मला ते पाण्याचं पान नीट लक्षात ठेवायचंय. संध्याकाळी तुझी सासू येईल. जाताना काय बजावून गेली, आठवतंय ना?

सून : आठवतंय की. "मोतीबिंदू काढून नुसतं पडायचंच आहे, तर सूनबाईकडून माझी ती आवडती कादंबरी तरी ऐकून घ्या. मी आले की मला त्यावर तुमच्याशी बोलायचंय."

सासरे : किती वर्षं मागे लागलीय. मी आपला दर वेळी बघू, बघू. बहिणीचा पाय मोडला म्हणून धावत निघालेली बाई, आणि दारातून परत वळून पुस्तकाचं सांगते. मी शब्द दिलाय या वेळी. वाच.

सून : बरं. हं... "राणी पालखीतून उतरली. राजा म्हणाला, दमलीस? बस. पाय दुखताहेत का?"

सासरे : काल रथ होता.

सून : काय?

सासरे : काल ती रथातून उतरली होती. आणि "दमलीस" नव्हतं काल.

सून : असेल हो. काल मी घाईघाईत वाचलं.

सासरे : पान उलटल्याचा आवाजही आला नाही. डॉक्टरनं डोळ्यांना विश्रांती सांगितलीय, कानांना नाही. काय भानगड आहे?

सून : बाबा, रागावणार नाही ना?

सासरे : ते भानगडीवर आहे.

सून : ते पान पुस्तकात नाही.

सासरे : फाटलंय?

सून : पान आहे. पण त्यावर पाणी तापवणं वगैरे काही नाही. त्यावर ते दोघंच आहेत. तळ्याकाठी.

सासरे : मग?

सून : मग काय, बाबा. तुम्ही सासरे, मी सून. ते मोठ्यानं वाचायचं म्हणजे...

सासरे : अरे देवा. बरं, बरं. कळलं. किती पानं आहे तळं?

सून : चार.

सासरे : चार? आणि ते गच्चीवरचं? तिथे राजा विचारतो ना राणीला, कोठाराचं छप्पर गळायचं थांबलं का?

सून : गच्चीचं तर विचारूच नका. मला ऐन वेळी दुसरं काही सुचलं नाही.

सासरे : म्हणजे छप्पर तुझं. आणि नावेतलं? राणी म्हणते, तुमचा जोडा चावतोय हे मला चालण्यावरून कळतं...

सून : तेही माझंच. बालवाडीची सवय, बाबा. गोष्टीत राक्षस आला की पोरं रडायला लागतात. मग मी राक्षसाला सर्दी झाली म्हणून सांगते. तोंडातून निघून जातं.

सासरे : शाबास तुझी. आठवडाभर मी लेखकाचं कौतुक करतोय, आणि लेखक माझ्याच घरात वांगी चिरतोय.

सून : चुकलंच माझं.

सासरे : चुकलं कसलं? सगळ्यांत ती पानं आवडली मला. लढाया काय, कुणीही ऐकेल. पण जोड्याचं ऐकलं तेव्हा म्हटलं, याला संसार कळतो. आणि मी मूर्ख, परवा फोनवर तिला म्हणालो.

सून : काय म्हणालात?

सासरे : म्हणालो, तुझा राजा आवडला बुवा मला. अगदी माझ्यासारखा आहे.

सून : बाबा.

सासरे : हसली ती. हसायची थांबेचना. मला वाटलं, खूश झाली. म्हटलं, म्हणूनच इतक्यांदा वाचते होय ती हे पुस्तक. सांगतो तुला, दोन दिवस मी या पलंगावर मजेत लोळलो. आता खरं वाच.

सून : नको ना.

सासरे : त्यातल्या त्यात सोवळं असेल ते वाच. तळ्याकाठी आल्या आल्या काय म्हणतो तो?

सून : बरं. एवढंच हं. "प्रिये, मी तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलो तेव्हा या तळ्यातलं पाणीही हलायचं विसरलं होतं. तुझी पावलं वाजली आणि माझ्या राज्यात पहाट झाली. तू नव्हतीस तेव्हा मी राजा नव्हतोच, नुसता मुकुट राखत बसलेला पहारेकरी होतो."

सासरे : पहारेकरी म्हणतो स्वतःला?

सून : हो. पुढे डोळ्यांचं आहे. ते बरंच आहे.

सासरे : असणारच. चार पानं भरायचीत. पण काय लिहितो गं. आणि हे सगळं तिच्या तोंडावर बोलतो? मध्ये अडखळत नाही, खोकत नाही?

सून : नाही.

सासरे : इतक्या लांबून आलीय बाई, तिला बस म्हणत नाही?

सून : बस असं कुठे दिसत नाही बाबा.

सासरे : तरी आवडतो तिला. आवडायचाच. मी जन्म काढला पंपहाऊसमध्ये. तिथे मशीनच्या आवाजात ओरडून ओरडून घसा बसायचा, घरी आलो की गप्प पडून राहावंसं वाटायचं. ती बोलायची, मी हं म्हणायचो. आणि इथे हा मेला, पहाट झाली म्हणतो.

सून : बाबा, एक सांगू? मी घातलेला राजा कुठून आणला माहितीय? तुमच्यावरूनच उचलला.

सासरे : उगाच बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. मी कधी तिला विचारलं पाय दुखतात का?

सून : विचारत नाही तुम्ही. पण आई बाहेरून यायच्या वेळेला गीझर तुम्ही लावता. या घरात आल्यापासून बघतेय. त्या आत येतात, तुम्ही पेपरातून मान वर करत नाही, पण पाणी तापलेलं असतं. मी फक्त राजाच्या तोंडी शब्द घातले.

सासरे : ...तेवढेच राहिले होते घालायचे.

सून : आता राहिलेलं मी थोडक्यात सांगून टाकू? वेढा कसा उठतो, राणीचं काय होतं. आई विचारतील तेव्हा गाडी अडायला नको.

सासरे : नको. मिट ते पुस्तक. सोडलं मी.

सून : अहो, शेवटची थोडी पानं राहिलीत. सेनापती दोराला लटकलाय.

सासरे : उतरेल त्याचा तो. पुस्तक वाईट नाही, मी मान्य करतो. फार चांगलं आहे, तीच पंचाईत आहे. हा गृहस्थ असाच बोलत राहिला तर संध्याकाळी मी कुठल्या तोंडाने तिच्यापुढे बसू? आणि ऐकलं म्हणून थापही मारायची नाही.

सून : पण त्यांना वाईट वाटेल. इतक्या आशेनं सांगून गेल्यात.

सासरे : माहितीय. किती वाजले?

सून : यायची वेळ झालीच आईंची.

सासरे : जा, तेवढा गीझर लाव.

सून : मघाशीच लावलाय तुम्ही, विसरलात? चाचपडत गेलात, मी बघितलं.

(दाराची घंटा वाजते. सून दार उघडते.)

सासूबाई : अगं, धर ही पिशवी. बहीण बरी आहे, काठी घेऊन चालायला लागली. हे काय, दिवसाढवळ्या पडदे ओढून बसलात? डोळा कसा आहे?

सासरे : डोळा ठीक आहे. हे बघ, आधीच सांगतो. तुझं पुस्तक मी सोडलं.

सासूबाई : सोडलं? कुठे?

सासरे : वेढ्यात. ती तळ्याकाठची पानं आहेत ना, ती मला सोसली नाहीत.

सासूबाई : मला तर तीच आवडतात. बाकीचं पुस्तक मी त्यांच्यासाठीच वाचते.

सासरे : वाटलंच मला. पण ते मला या जन्मात बोलता येणार नाही.

सासूबाई : तुम्हाला कोण बोला म्हणतंय? कुठे तरी कुणी तरी कुणाशी तसं बोलतं, एवढं वाचलं तरी बरं वाटतं. पण मग तुम्ही फोनवर काय म्हणालात ते? राजा माझ्यासारखा आहे म्हणून? मी हसले खरी, पण नंतर डोळ्याला डोळा लागेना. सगळं पुस्तक मनातल्या मनात पालथं घातलं. म्हटलं, असलं पान आपल्या नजरेतून सुटलं कसं?

सासरे : ते पुस्तकात नाहीये. तुझ्या सुनेनं घातलेलं आहे. लाजली ती, आणि ते दोघं लागले छपराबिपराचं बोलायला.

सासूबाई : काय गं ए?

सून : मी चहा टाकते.

सासूबाई : पळाली. बरं, मग काय म्हणतो हिचा राजा?

सासरे : राणी प्रवासातून येते. आणि तो... म्हणजे, तो काही फार बोलत नाही.

सासूबाई : पण काय म्हणतो?

सासरे : पाय दुखताहेत का तुझे?

सासूबाई : एवढंच म्हणतो?

सासरे : तो म्हणत नाहीये. मी विचारतोय.

सासूबाई : ...दुखताहेत. पुष्कळ वर्षं झाली, दुखताहेत. सरका जरा तिकडे, बसू द्या मला.