पाडोव्याला निघालेल्या काड्या

इटलीत कामाला गेलेल्या पोरांची पार्सलं नेणारी व्हॅन रविवारी आमच्या ओरहेई गावच्या बाजारात थांबते. रांगेत माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या होत्या.

“आगाफिया, ओल्या फडक्यात काय गं?”

“दारच्या काळ्या द्राक्षाच्या काड्या. परवाच्या छाटणीतल्या. आमच्या सिल्वियूला तिकडे इटलीत, पाडोव्यात वेल लावायचीय.”

“नऊ वर्षांनी आठवण झाली होय!”

“म्हणतो, तिथली वाइन घशाखाली उतरत नाही. आपल्या मांडवाचीच हवी.”

“मग ये म्हणावं तोडणीला.”

“दरवर्षी म्हणते. दरवर्षी आपलं, पुढच्या वर्षी नक्की.”

“आण, नखानं खरवडून बघते. अगं बये! आत हिरवं काहीच नाही. एक डोळा फुटायचा नाही. गारठ्यात राहिल्या का?”

“हळू बोल. उकळत्या पाण्यातून काढल्यात.”

“मुद्दाम? वेड लागलं का तुला? पोरगं बिचारं पाणी घालत बसेल!”

“बसू दे. नाही फुटल्या की येईल स्वतः न्यायला.”

दुसरीनं काड्या परत फडक्यात गुंडाळल्या, आपल्या पोराचं पार्सल काखेत धरलं आणि तिच्याकडे बघितलं.

“अशी काय बघतेस, झिनोविया? सांगणार आहेस का त्याला?”

“नाही गं. तुझा काही मागतो तरी.”