साडी फाटली नसल्याबाबत

नाव केशव मार्तंड निनावे, वय २४ वर्षे, शिक्षण बारावी अनुत्तीर्ण, धंदा पॉवरलूम कामगार, राहणार कामठी, जि. नागपूर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी सहा वर्षांपासून सुती साड्यांच्या मागावर काम करतो. माझा मित्र विक्रम बापूजी भोयर, वय २२, मूळचा कुहीचा, सैन्यभरतीची तयारी करतो. सध्या तो बेसा येथे बहीण देवकीताई हिच्या दुसऱ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये राहतो. त्याची धावण्याची चाचणी येत्या १४ तारखेला होती.

रविवारी दुपारी १२ च्या खेळाला आम्ही दोघे एका गाजलेल्या चित्रपटाला गेलो. नाव लिहिण्याची गरज नाही, हवालदारसाहेबांनी तो दोनदा पाहिला आहे. त्यात नायक नायिकेची साडी कठड्याला बांधून सातव्या मजल्यावरून खाली उतरतो. एका हातात नायिका असते, दुसऱ्या हाताने तो गोळीबार करतो. साडी कोणत्या हाताने धरली होती ते दाखवलेले नाही. साडी साडेपाच मीटर असते, सात मजले सुमारे एकवीस मीटर होतात. ती उतरता उतरता वाढली असावी. आमच्या मागावर असा माल निघत नाही. पुढच्या गाण्यात नायिका तीच साडी नेसली होती, इस्त्री केलेली.

३.४० ला आम्ही फ्लॅटवर आलो. मी वरील बाबी बोलून दाखवल्या. विक्रम म्हणाला, "तुले पिक्चर पाहताच येत नाही बे. मजा घ्याची सोडून मीटर मोजून राहिला."

मी म्हणालो, "जॉर्जेट होती ते. दोघांच्या वजनानं टरकन फाटली असती."

"मंग कोणती टिकन?"

"आमची सुती. पीळ देऊन बांधली तर साठ किलोचा एक माणूस आरामात."

मी दिवाळीला देवकीताईंना दिलेली सुती साडी बाल्कनीत वाळत होती. विक्रमने तिला पीळ दिला व लोखंडी कठड्याला बांधली. देवकीताई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "काय करून राहिला गा विक्रम? माही चांगली साडी आहे ते!"

"ताई, शूटिंग चालू आहे, मधात येऊ नको."

मी त्याला "राहू दे" म्हणालो. एकदाच म्हणालो. मोठ्याने म्हणालो नाही.

४.०५ ला तो अंदाजे चार फूट उतरला असताना कठडा भिंतीतून निघून आला. चार स्क्रू होते, प्रत्येक माझ्या नखाएवढा. चित्रपटातल्या इमारतीत दोन स्फोट होऊनही कठडा हलला नव्हता. विक्रम पार्किंगच्या फरशीवर पडला. उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला आहे.

त्याचे वडील बापूजी भोयर यांनी तक्रार दिली आहे की, मी त्याला भरीस घातले व साडी फाटून तो पडला. साडी फाटली नाही. ती पंचनाम्यात जप्त आहे, तपासून घ्यावी.

शस्त्रक्रियेनंतर मी दवाखान्यात गेलो. विक्रमने विचारले, "फाटली का बे?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "मंग पिक्चर खराच होता." मी वाद घातला नाही. १४ तारखेचा विषय कोणी काढला नाही.

हवालदारसाहेबांनी मला समजावले, "तू काहीच बोलला नाही असं लिहू. पिक्चर पाहून पोट्टं चढलं, पडलं. तू मोकळा." तसे लिहू नये, अशी माझी विनंती आहे. साठ किलो हा आकडा मी सहज बोललो नव्हतो. विक्रमचा भरतीचा फॉर्म मीच भरून दिला होता. त्यात वजन अठ्ठावन्न आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, नंतर मी स्वतःही वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. याच्या आधीचा परिच्छेद माझ्या आग्रहावरून ठेवला आहे.