मंगळावरची गयाबाई

"गयाबाईला पार काढून टाकलं म्हणं, अन्..." दूध सोसायटीच्या रांगेत एवढंच ऐकलं आणि मी तशीच शेजारी गयाबाईकडं पळाले.

तिच्या भाच्यानं आटलेल्या तलावात मंगळावर घडणाऱ्या मालिकेच्या पहिल्या भागाचं शूटिंग केलं होतं. त्यात गयाबाई परग्रहवाल्यांना टँकरपाशी झापते. आता भाच्यानं तोच भाग नव्यानं कापून-जोडून आणला होता, आणि बघायला गयाबाईनं सगळं माहेर बोलावलेलं; त्या गडबडीत मला तिला काही सांगताच आलं नाही.

सोसायटीच्या हॉलात आधी जुना भाग लावला, मग नवा. नव्यात गयाबाई कुठंच दिसेना. तिनं तोंडाला पदर लावला.

"चल बाई घरी," मी म्हणाले.

तेवढ्यात पडद्यावर मंगळाची राणी कडाडली, "पाणी सांडलं तर तंगडं मोडीन!" तोंड राणीचं, आवाज गयाबाईचा.

मागं बसलेला गयाबाईचा नवरा ताडकन उभा राहिला. "न्हाई सांडत, न्हाई सांडत!"