पिंपळ राजानं लावला नाय

आम्ही सोनिवलीचे. आता बिल्डिंगी झाल्या ती सोनिवली नाय, नदीच्या अंगाची, आमच्या बौद्धवाडीची. माझं नाव किसन, आबांचं नाव धर्मा, आणि आबा महालाच्या बागेत कामाला होते. महाल म्हणजे बदलापूरच्या पुढं नदीकाठी एका संस्थानिकानं उन्हाळ्यात हवा खायला बांधलेला, राजा वर्षातनं थोडे दिवस यायचा आणि बाकी वर्षभर आमच्यासारखी माणसं तिथली पानं झाडायची. आबा माळी नव्हते हां. माळी वेगळे, त्यांच्या हातात कात्री, त्यांच्याकडं फुलं. आबांकडं शेणखत, गटार, मेलेलं कुत्रंमांजर, आणि पिंपळ.

पिंपळ कसा काय, विचाराल. तर कारंज्याच्या दगडात, हौदाच्या भिंतीत पिंपळाची रोपं उगवतात, पक्षी बी टाकतात, आणि वेळेत उपटलं नाय तर मूळ आत शिरतं आणि भिंत फोडतं. पण माळी पिंपळ उपटायचे नाय, पाप लागतं. मंग हाक मारायचे, धर्मा, ये रे, उपट. म्हणजे पाप लागायचं ते धर्माला लागू दे. आबा उपटायचे. किती उपटले असतील, काय सांगू तुम्हाला.

पुढं आमच्या वाडीनं दीक्षा घेतली. मी तेव्हा आयच्या पोटात होतो, हे सगळं मला ताईनं सांगितलेलं, सखूताई, माझी थोरली बहीण. दीक्षेनंतर पहिल्याच पावसाळ्यात आतल्या बागेतल्या कारंज्यावर पिंपळ उगवला आणि मोठ्या माळ्यानं हाक मारली, धर्मा, उपट. आबा बोलले, नाय उपटणार, या झाडाखाली आमच्या बुद्धाला ज्ञान झालं, आता हे आमचंबी झाड हाय. मोठा माळी डोक्याला हात लावून बसला. तो उपटेना, हे उपटेनात, आणि रोप आपलं मजेत वाढतंय. कारंजं फुटलं तर दोघांचीही नोकरी जाणार. शेवटी आबांनी कारंज्याच्या दगडावर ओलं गोणपाट बांधून ठेवलं, दगड सैल केला, रोप मुळासकट अलगद काढलं आणि आतल्या बागेच्या कोपऱ्यात, जिथं पालापाचोळा टाकायचे तिथं लावलं. मोठा माळी तेवढा वेळ गुलाबाकडं तोंड करून उभा राहिला. चांगला माणूस होता तो, भित्रा होता एवढंच.

पण पाणी कुठलं घालणार? हौदाला आम्हाला हात लावायची सोय नव्हती, दीक्षा घेतली म्हणून हौद थोडीच बदलला. मंग ताई नदीवरनं डब्यात पाणी न्यायची, एवढीशी पोर, मागच्या खताच्या दारानं आत शिरायची. तिच्या पाण्यावर तो पिंपळ वाढला. वाडीतली माणसं वैशाखी पुनवेला त्याच खताच्या दारानं जायची, मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची आणि परत यायची. कोणी अडवलं नाय. संस्थान गेल्यावर राजा यायचाच बंद झाला होता, अडवणार कोण?

मी मोरिवलीला केमिकलच्या कंपनीत आयुष्य घातलं. कंपनी बंद पडली, पोरं आपापल्या घरी, बायको गेलेली. तेव्हा महाल ट्रस्टकडं होता आणि ट्रस्टनं बाग एका ठेकेदार शेठला चालवायला दिली. शेठला गेटवर माणूस पाहिजे होता. मला टोपी दिली, शिट्टी दिली आणि आतल्या बागेच्या दारात उभा केला. आतल्या बागेचं तिकीट वेगळं. बाहेरची बाग वेगळी, कॅमेरा वेगळा, लग्नाआधीचे फोटो काढायचे तर आणखी वेगळे, गाडी लावायची वेगळी. माणसं तिकिटं काढत काढत माझ्यापर्यंत पोचायची तेव्हा आधीच तापलेली असायची, आणि आत बघतात तर कारंजं बंद, गुलाब वाळलेले.

एका रविवारी उल्हासनगरचा एक कापडवाला आला, सगळं घर घेऊन. बोलला, चाचा, अलग से टिकट लिया, फव्वारा बंद, फूल सूखा, अंदर दिखाने को है क्या? शेठचा मॅनेजर तिथंच उभा, माझ्याकडं बघतोय. माझ्या तोंडातनं निघून गेलं, सेठ, वो पीपल देखो, राजासाहब ने अपने हाथ से लगाया, राजकुमार पैदा हुए तब.

त्या माणसानं चपला काढल्या हो. बायकापोरांना काढायला लावल्या. झाडाला हात लावून पाया पडला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर बोलला, काका, भारी, रोज हेच सांगा. मंग मी रोज सांगायला लागलो, आणि दर रविवारी राजा थोडा मोठा व्हायला लागला. आधी नुसतं लावला. मंग राणीनं पाणी घातलं. मंग सोन्याच्या गडूनं घातलं. शेठनं झाडाभोवती साखळी लावली, संगमरवरी पाटी लावली, राजपिंपळ, राजानं लावलेला, असं कोरून, नवसाचा दोरा बांधायला सुरुवात केली, दोऱ्याचे पैसे वेगळे. आणि खताचं दार विटांनी बुजवलं, फुकटे शिरतात म्हणून.

तुम्ही विचाराल, आबांचं नाव का नाय घेतलं? मी स्वतःला हेच विचारत आलोय. मला वाटलं, गटार काढणाऱ्यानं लावलेलं झाड बघायला वेगळं तिकीट कोण काढील? असं मला वाटलं, त्यांच्या पोटच्या पोराला. ह्याच्यात ना शेठचा दोष, ना मॅनेजरचा.

गेल्या वैशाखी पुनवेला ताई आली. पांढरं लुगडं, हातात मेणबत्त्या, मागं वाडीतल्या बाया. खताचं दार बुजलेलं बघून पुढच्या गेटानं आल्या. मॅनेजर बोलला, आजी, आतल्या बागेचं तिकीट वेगळं आहे. ताई बोलली, माझ्या बापाच्या झाडाला तिकीट? तो हसला. बोलला, पाटी वाचा की, राजानं लावलंय, पाहिजे तर काकांना विचारा, तेच रोज सांगतात.

ताईला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं पाटी शेठनं खोटी लावली. तिनं माझ्याकडं बघितलं. बोलली, किसन, तू सांगतोस हे?

मागं लाइन लागलेली, पुनवेची सुट्टी, पोरंटोरं, एक नवरानवरी फोटोवाल्याला घेऊन. मी टोपी काढली आणि मोठ्यानं बोललो, पिंपळ राजानं लावला नाय, माझ्या बापानं लावला, धर्मानं, खत टाकणाऱ्यानं, आणि पाणी हिनं घातलं, ही उभी आहे ती. राजाची गोष्ट मी बनवली, खोटी आहे. मंग हेच हिंदीत बोललो, उगाच कोणी ऐकायचं राहायला नको. लाइनीतनं एक जण बोलला, मतलब दोरे का पैसा वापस? सगळे हसले, मंग खरंच मागायला लागले. मॅनेजर माझा दंड धरून बोलला, काका, डोकं फिरलं का तुमचं? मी बोललो, फिरलं होतं, आता जाग्यावर आलं. टोपी त्याच्या हातात दिली.

ताई तिकीट काढेना आणि मॅनेजर सोडेना. मंग बाया भिंतीला वळसा घालून मागं रस्त्यावर गेल्या. पिंपळाची मोठी फांदी भिंतीवरनं बाहेर आलीय, त्या सावलीत मेणबत्त्या लावल्या आणि तिथंच वंदना म्हटली. लाइनीतली काही माणसं तिकिटं खिशात घालून तिकडंच आली. ती नवरीसुद्धा.

ताईनं माफ केलं का, मला माहीत नाय. वंदना झाल्यावर लुगड्याचा पदर झटकत एवढंच बोलली, सोन्याचा गडू म्हणे! पत्र्याचा डबा होता, गळका. झाडापर्यंत अर्धं पाणी माझ्या परकरावर सांडायचं.

आता मी रविवारी त्याच फांदीखाली बसतो. पाटी अजून आहे, साखळी आहे, नवीन माणूस ठेवलाय तो राजाची गोष्ट सांगतो, माझ्यापेक्षा बरी सांगतो. आत जाणाऱ्याला मी हाक मारतो, या, आधी खरं ऐका आणि मंग खुशाल तिकीट काढा. शेठनं निरोप धाडला, इथं बसू नका. मी बोललो, रस्ता ठेक्यात नाय. पाय चालतात तोवर बसणार, आणि येत्या पुनवेला ताई पुढच्याच गेटानं येणार, तिकीट न काढता, मी तिच्या पुढं. आत सोडो, नायतर पोलीस बोलवो. बागेला येणाऱ्यांचं भलं होवो, त्यांच्याशी माझं भांडण नाय.

तुम्ही लिहिताय तर आबांचं नाव पूर्ण लिहा, धर्मा भिवा. आणि डबा पत्र्याचा लिहा. गळका होता, तेपण लिहा, नायतर ताई रागवेल.