काळ्या दगडापाशी

शांताबाई: नोका मारू आता हाका, साहेब. कवडू जीप घेऊन सौसरले गेला डिझल भराले. ऐकणार कोण, वरची माकडं?

रवींद्र: एखादा गुराखी असेल जवळपास.

शांताबाई: या बंद खाणीकडे कुत्रं येत नाही. अन् तुमी वरडले का वरून माती गळते. माह्या तोंडात गेली आताच.

रवींद्र: बरं, नाही ओरडत. तुम्ही कुठे आहात? बोलत राहा, मी आवाजावर येतो.

शांताबाई: कुठी जाईन? इथंच पडली आहो. पायावर गोटा आहे. हां... हां, हा माहा हात.

रवींद्र: सापडला. थांबा, दगड चाचपतो.

शांताबाई: टार्च कुठी गेला तुमचा?

रवींद्र: छत कोसळलं तेव्हा हातातून गेला, फुटला असेल. किरणं मोजायचा काउंटर तेवढा गळ्यात राहिला.

शांताबाई: ते तं ऐकूच येऊन राहिलं. टकटक, टकटक. सारा बोगदा बसला तरी याचं चालूच आहे.

रवींद्र: मी जोर लावतो. दगड हलला की पाय ओढून घ्या. लावतो हं...

शांताबाई: माय वं! सोडा! सोडा, साहेब, सोडा! पायाचा भुगा झाला माह्या!

रवींद्र: सोडला. सोडला. माझ्याच्यानं नाही उचलवत हा.

शांताबाई: वरून अजून माती आली. नोका हात लावू त्याले, हात जोडतो.

रवींद्र: नाही लावत.

शांताबाई: मागून किती वरडली मी. परत फिरा, छत गळून राहिलं, परत फिरा. तुमच्या कानात मशीनच.

रवींद्र: ऐकलं होतं मी.

शांताबाई: ऐकलं? अन् तरी पुढं गेले?

रवींद्र: वाटलं, अजून थोडंच. या काळ्या दगडाजवळ काउंटर जसा वाजला ना, तसा दोन वर्षांत कुठंच वाजला नव्हता. अन् सोमवारी आमचा युरेनियम शोधायचा कँप उठून राहिला, शांताबाई. काही सापडलं तरच थांबतील, नाहीतर तंबू गुंडाळा.

शांताबाई: मालूम आहे. साऱ्या गावाले मालूम आहे. मँगनीजची खाण बंद झाली तवापासून अर्धं गाव बाहेर भटकून राहिलं. तुमचं मशीन वाजलं का बाया आपापसात सांगतेत, आता खाण निघन, आता पोट्टे घरी येतीन. मीच सांगत होती सगळ्यात जास्त.

रवींद्र: तुम्ही कशाला आलात पण माझ्यामागं आत?

शांताबाई: येडी म्हणून आली! पांढुर्ण्याच्या मास्तरचं एकुलतं पोरगं तुमी, दबून मेले तं तुमच्या मायले काय सांगू, म्हणून आली. या खाणीत उमर गेली टोपल्या वाहता वाहता, कधी नख नाही तुटलं. अन् आता बंद झाल्यावर गिळून राहिली मले.

रवींद्र: असं नका बोलू. कवडू येईल, तोंडावरची माती पाहील, माणसं जमवेल.

शांताबाई: सौसरले गेलेला कवडू लवकर आला, असं कधी झालं? चहा, पान, मंग बिडी. आपल्यासाठी एवढी हवा पुरन?

रवींद्र: पुरेल.

शांताबाई: खोटं नोका बोलू. अंधारात खोटं लवकर समजते.

रवींद्र: माहीत नाही पुरेल का. खरंच माहीत नाही मला. भीती वाटते.

शांताबाई: हां. आता खरं बोलले. ...साहेब, मले झोप येऊन राहिली.

रवींद्र: झोपू नका! शांताबाई! डोळे उघडे ठेवा.

शांताबाई: उघडे काय अन् बंद काय, सारखंच आहे.

रवींद्र: मग बोला. नाहीतर असं करू, मी गोष्ट सांगतो. लहानपणी गोष्टीला हुंकारा देत होत्या ना? तसा द्या. हुंकारा थांबला की गोष्ट बंद.

शांताबाई: देवाची नोका सांगू. आमी बौद्ध, आमच्या घरी चालत नाही.

रवींद्र: देव नव्हतेच तेव्हा.

शांताबाई: हे बरं. सांगा.

रवींद्र: लई जुनी गोष्ट आहे. झाड नव्हतं, गवत नव्हतं, पाण्यात मासासुद्धा नव्हता. नुसता दगड. तुमच्या पाठीला टेकलाय ना, त्याच्याही खालचा. आपला सगळा मुलूख ज्याच्यावर बसलाय तो.

शांताबाई: हूं.

रवींद्र: त्या दगडात युरेनियम होतं. पण कणकेत मीठ असतं तसं, चिमूट चिमूट, सगळीकडे. कोणाच्या कामाचं नाही.

शांताबाई: हूं. मंग एका जागी गोळा काहून नाही झालं?

रवींद्र: गोळा करायला पाणी पाहिजे. तेही साधं नाही, प्राणवायू मुरलेलं. अन् तेव्हाच्या हवेत प्राणवायूच नव्हता.

शांताबाई: म्हणजे आपल्यावाणीच.

रवींद्र: ...हो. मग समुद्रात शेवाळासारखं काहीतरी वाढलं, त्यानं प्राणवायू सोडला. तो पावसात आला, पाऊस जमिनीत मुरला. ते पाणी भेगाभेगांतून दगडात शिरलं अन् युरेनियम विरघळवून सोबत घेऊन निघालं.

शांताबाई: कुठी निघालं?

रवींद्र: भेग नेईल तिकडे. कोट्यवधी वर्षं चाललं. ...शांताबाई? हूं म्हणा. शांताबाई!

शांताबाई: हूं! म्हटलं न बाप्पा. कोट्यवधी वर्षं म्हणता, माणसानं जरा दम नाही घ्यावा?

रवींद्र: दम नका घेऊ. वाटेत त्या पाण्याला काळा दगड आडवा आला. पेन्सिलीत शिसं असतं ना, तसल्या मालाचा. त्याच्याजवळ पाण्याची ताकद जाते. उचलून आणलेलं सगळं तिथंच सोडतं. अन् मग तिथं चिमूट नाही, ढीग साचतो.

शांताबाई: आमी कशा टोपल्या उपड्या करो, तसं.

रवींद्र: अगदी तसं.

शांताबाई: अन् तो काळा गोटा म्हणजे हा.

रवींद्र: हाच. म्हणून तर मी... थांबा. गप्प बसा जरा.

शांताबाई: घ्या! आता बोला म्हणत होते, आता गप्प बसा.

रवींद्र: काउंटर ऐका.

शांताबाई: कमी वाजून राहिला. सेल गेले काय?

रवींद्र: सेल कालच टाकले. दगड तोच, जागा तीच. मघापासून उतरतोय, मी बोलण्यात होतो म्हणून लक्ष नाही गेलं. अरे देवा.

शांताबाई: काय झालं? साहेब, काय झालं ते सांगा.

रवींद्र: नाही आहे इथं.

शांताबाई: काय नाही आहे?

रवींद्र: ढीग. दगडातल्या त्या चिमटीतूनसुद्धा एक वायू निघत असतो. वास नाही, रंग नाही. मोकळ्यावर उडून जातो, बंद बोगद्यात साचून राहतो. त्यानंही काउंटर असाच वाजतो. आधी बोगद्याचं तोंड उघडून ठेवायचं, एक रात्र हवा खेळू द्यायची, मगच मोजायचं, असा नियम आहे. मला पाठ आहे तो. अन् मी तोंडावरच्या फळ्या काढल्या नि तसाच आत शिरलो. दगड नव्हता वाजत, शांताबाई. कोंडलेली हवा वाजत होती.

शांताबाई: म्हणजे खाण नाही निघणार?

रवींद्र: नाही.

शांताबाई: तुमचं मशीन खोटं बोललं एवढे दिवस?

रवींद्र: इथलं आजच मोजलं. बाकीच्या जागी आशाच होती नुसती. मशीन खोटं नाही बोललं, मलाच तसं ऐकायचं होतं.

शांताबाई: आमालेही तसंच ऐकाचं होतं. ...मेलो आपण. फुकटचे मेलो, साहेब. हवेपायी मेलो.

रवींद्र: मला माफ करा.

शांताबाई: माफ करून काय करू? पाय निंघते काय माफ केल्यानं?

रवींद्र: नाही... थांबा. थांबा, थांबा. तो वायू गेला कुठं?

शांताबाई: मले काय विचारता!

रवींद्र: बोगद्याचं तोंड मातीनं बुजलं. मग तो वाढायला पाहिजे, कमी कसा होऊन राहिला? कुठून तरी नवी हवा येतेय. छत पडलं तेव्हा आतल्या अंगाला भोक पडलं असणार!

शांताबाई: मले तं झुळूकही नाही लागून राहिली.

रवींद्र: इतकी नसेल ती. पण काउंटरला कळते. जिकडे कमी वाजेल तिकडे जायचं. मी रांगत जातो अन् पाहतो.

शांताबाई: मशीन घेऊन?

रवींद्र: त्याच्याशिवाय दिशा कशी कळणार?

शांताबाई: नोका जाऊ.

रवींद्र: शांताबाई...

शांताबाई: नोका जाऊ म्हटलं न! तुमी गेले, मशीन गेलं, मंग इथं काय राहिलं? मी अन् हा गोटा. मले भेव लागते. इतकी म्हातारी झाली, कोणाले नाही म्हटलं कधी मी असं. मले लय भेव लागते.

रवींद्र: मलाही लागतं. पण दोघांनी इथं बसून काय होईल?

शांताबाई: अन् तुमाले भोक भेटलं, अन् तुमी निंघून गेले तं?

रवींद्र: नाही जाणार.

शांताबाई: कोणाची शपथ घेता?

रवींद्र: कोणाची नाही. परत येईन.

शांताबाई: ...जा मंग. पण आता गोष्ट मी सांगीन. तुमी हुंकारा देजा. थांबला का समजीन, साहेब गेला.

रवींद्र: सांगा. निघालो.

शांताबाई: मी ना, पहिल्या दिवशी या खाणीवर आली तव्हा लुगडंही नीट नेसता येत नव्हतं. माय घेऊन आली होती.

रवींद्र: हूं.

शांताबाई: अन् तेवढ्यात भोंगा वाजला. मले वाटलं, पहाड वरडला! टोपली फेकली अन् जे धावली, ते सीधी घरी.

रवींद्र: हूं. इकडे जास्त वाजतोय. दुसरीकडे वळतो.

शांताबाई: मायनं मारत मारत परत आणलं. म्हणे, पहाड वरडते तं वरडू दे, पोट त्याच्याहून मोठ्यानं वरडते. ...साहेब? साहेब!

रवींद्र: हूं! आहे, आहे. इथं पोटावर सरकावं लागतंय.

शांताबाई: लांबून येऊन राहिला तुमचा आवाज.

रवींद्र: काउंटर जवळजवळ गप्प झाला. शांताबाई! उजेड! वळणापलीकडे उजेड आहे! वर भोक आहे, ढेकळं पडलीत खाली. कवडू! अरे कवडू!

कवडू: साहेब? ओ साहेब! कुठून बोलून राहिले? मी तं बोगद्याच्या तोंडाशी छाती पिटून राहिलो!

रवींद्र: वर ये, पहाडावर! आवाजावर ये! पाय जपून टाक, जमीन पोकळ आहे!

कवडू: दिसले, दिसले! द्या हात, साहेब, खेचतो वर!

रवींद्र: नको. जीपचा जॅक आण. टॉर्च, पाणी अन् दोर. शांताबाई दगडाखाली आहे.

कवडू: पहिले तुमी तं निंघा! मी गावातून माणसं आणतो. हे बी पडन आता.

रवींद्र: तिच्याजवळ कोणी नाही, कवडू. जॅक आण आधी, माणसं मग. पळ!

कवडू: गेलो, साहेब!

रवींद्र: शांताबाई! जॅक येतोय! ऐकलं ना? हूं म्हणा! ...शांताबाई, हूं म्हणा एकदा! आण लवकर, कवडू! (वरून धावत आलेली पावलं.) दे, सोड खाली. आलो, शांताबाई, आलो मी! डोळे उघडा, हा टॉर्च बघा. पाणी घ्या. घ्या ना हो, एक घोट.

शांताबाई: ...वर नाही गेले?

रवींद्र: नाही.

शांताबाई: भोक भेटलं नाही?

रवींद्र: भेटलं. कवडू हात देत होता.

शांताबाई: मंग काहून परत आले, बेटा? मास्तरनं एवढं शिकवलं तुले.

रवींद्र: बोलू नका आता. जॅक लावतो. दुखेल.

(जॅकच्या दांड्याची करकर.)

शांताबाई: माय! माय वं!

रवींद्र: उचलला! ओढा पाय!

शांताबाई: कुठी आहे पाय, मले समजूनच नाही राहिला.

रवींद्र: मी ओढतो. गळ्यात हात टाका माझ्या. निघाला. निघाला, शांताबाई! चला, पाठीवर सरकत चला, मी ओढतो.

शांताबाई: दम घेऊ दे जरासा. ...तुले एक सांगाचं राहिलं.

रवींद्र: बाहेर गेल्यावर सांगा.

शांताबाई: बाहेर साऱ्याईच्या समोर नाही सांगता येणार. माही सून प्रमिला अन् पोरगा नागपूरकडे वीटभट्टीवर आहेत. खाण निघून राहिली, म्हणून मी निरोप धाडला त्यायले. भट्टी सोडली त्यायनं. उद्या पांढुर्ण्याले उतरतीन, पोरासोरासकट.

रवींद्र: ...मी जातो स्टेशनवर. मीच सांगतो त्यांना, माझी चूक झाली म्हणून.

शांताबाई: ते मंग सांगजो. पहिले सांगजो, बुढी जित्ती आहे.